गावात मांजर, मळ्यात कुत्रा

मांजर बरे की कुत्रा बरा, हा वाद पारावर निघाला की लवकर मिटत नाही. कुत्र्याची बाजू घेणारा सांगतो, कुत्रा खाल्ल्या भाकरीला जागतो, मांजर मात्र डोळे मिटून दूध पिते आणि वर आपल्यालाच डोळे दाखवते. मांजराची बाजू घेणारी बहुधा घरातली म्हातारी असते. ती म्हणते, "माझं मांजर आपली घाण आपण मातीत पुरतं. तुमचा कुत्रा दुसऱ्याच्या ओट्यावर करून येतो, त्याचं काय?" दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणूनच वाद मिटत नाही.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा आवडीनिवडीचा मामला असू शकेल. शेतकऱ्याच्या घरी मात्र प्रत्येक जनावर कामाच्या हिशोबाने येते. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. गाय घेताना दोन वेळचे दूध काढून पाहतो. शेळी घेतानासुद्धा चार ठिकाणी विचारपूस करतो. मग मांजर-कुत्र्याच्याच बाबतीत "आलं दारात, टाकली भाकर, झालं आपलं" हा व्यवहार का? या व्यवहाराची किंमत आज गावेच्या गावे मोजत आहेत. कधी पोराच्या पोटरीला झालेल्या चाव्याच्या रूपाने, तर कधी त्याहून वाईट.

आमचे मत थोडक्यात सांगतो. गावठाणात राहणाऱ्याने मांजर पाळावे. मळ्यात वस्ती करून राहणाऱ्याने कुत्रा पाळावा. आणि ज्याला वर्षातून एकदा जनावराला लस टोचून आणण्याइतकी सवड नाही, त्याने दोन्हीच्या फंदात पडू नये. आता हे मत कशावरून, ते पाहू.

खळे गेले, उंदीर राहिले

पूर्वी गावात कुत्र्याला काम होते. खळ्यावर ज्वारी-बाजरीची रास दिवसेंदिवस पडून असे. राखणीला माणूस आणि माणसाच्या सोबतीला कुत्रा, अशी ती जोडी होती. आता मळणीयंत्र आले, सकाळी सुरू केलेले काम संध्याकाळी उरकते आणि पोती त्याच रात्री घरात येतात. घराला लोखंडी दार आले, गल्लीत दिवा आला. गावठाणातले कुत्र्याचे काम निम्म्याहून कमी झाले.

उंदराचे काम मात्र कमी झाले नाही. उलट आपणच ते वाढवले. चाळीसगाव तालुक्यात कापूस घरात आला की 'भाव चढेल' या आशेवर तो खोलीभर साठवून ठेवायचा, ही आता नित्याची गोष्ट आहे. कापसाची गंजी म्हणजे उंदराला गादीही आणि सरकीच्या रूपाने जेवणही. शेजारच्या खोलीत मक्याची पोती, माळ्यावर वर्षाची बाजरी, गोठ्यात ढेप. उंदराला आणखी काय पाहिजे?

हिशोब करून बघा. एक मोठा उंदीर दिवसाकाठी साधारण पंचवीस ग्रॅम धान्य खातो. म्हणजे वर्षाला नऊ किलो. जेवढे खातो त्याहून जास्त लेंड्या आणि मुतून खराब करतो, बारदान कुरतडतो ते वेगळेच. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार होतात. घरात दोन उंदीर दिसले म्हणजे दोनच आहेत असे समजणारा भोळा म्हणायचा.

उंदीर नुसते धान्यच खातो असेही नाही. जाणत्या लोकांना १९९४ साल आठवत असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांत धान्य तसेच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा जाणकारांनी दिले होते. सुरतेच्या कापड धंद्यावर खानदेशातली किती घरे पोट भरतात, हे वेगळे सांगायला नको. तिथून माणसे गाड्या भरभरून निघाली तेव्हा आपल्याकडच्या स्टेशनांवरही धास्ती पसरली होती. प्लेग पिसवांमुळे होतो, पिसवा उंदराच्या अंगावर असतात, आणि उंदीर आपल्या कोठीत असतो. ही साखळी विसरून चालणार नाही.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे विष. काळी पूड कणकेत कालवून कोपऱ्यात ठेवायची. ही पूड बहुधा झिंक फॉस्फाईडची असते. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि त्यावर नेमका उतारा वैद्यकशास्त्राकडे नाही. घरात रांगते पोर आहे, गोठ्यात जनावर आहे, आणि रागाच्या भरात हात कुठे जाईल सांगता येत नाही अशी माणसेही घरोघर आहेत. अशा घरात ती पुडी ठेवण्यापेक्षा मांजर ठेवणे शतपटीने बरे. आणि एक ध्यानात ठेवा, विष आणि मांजर एका घरात नांदत नाहीत. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजरही धोक्यात येते. शेतातल्या घुबडाचेही तेच. म्हणजे उंदीर मारता मारता आपण उंदराचे वैरीच मारून टाकतो.

मांजराच्याही खोडी आहेत

मांजर म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे आमचे म्हणणे नाही. लहान उंदीर मांजर सहज धरते, मोठ्या उंदराच्या वाटेला ते जपून जाते. आणि घूस? घुशीपुढे बहुतेक मांजरे माघारच घेतात. भिंतीच्या पायात घुशीने बीळ केले असेल तर तिथे काच आणि सिमेंटच घालावे लागते. धान्य जमिनीवर न ठेवता लाकडी पाटांवर रचणे, पोती आणि भिंत यांत हातभर जागा सोडणे, पत्र्याची कोठी वापरणे, ही कामे माणसाची आहेत. ती माणसाने केली तर मांजर आपले काम चोख करते.

मांजर कोंबडीची पिल्ले उचलते, चिमण्या मारते, ही तक्रारही खरी. त्यासाठी पिल्लांची डालगी नीट झाकावी लागते. काही लोक मात्र उलटेच करतात. 'उपाशी ठेवलं म्हणजे उंदीर जास्त धरेल' म्हणून मांजराला खायला देत नाहीत. उपाशी मांजर उंदराची वाट पाहत बसत नाही, ते शेजारच्या दुधाच्या पातेल्याकडे जाते. मग दोन घरांत भांडण. पोटाला दिलेले मांजरसुद्धा शिकार करते, कारण ती त्याची जातच आहे. सकाळ-संध्याकाळ भाकरीचा कुस्करा घाला, म्हणजे ते घर धरून राहील.

राहता राहिला आडवे जाण्याचा प्रश्न. मांजर आडवे गेले म्हणून बाजाराला निघालेला माणूस ओट्यावर पाच मिनिटे बसतो. बसू द्या, विश्रांती मिळते. पण त्याच माणसाच्या कोठीत उंदराने दोन पोती फोडलेली असतात, तो अपशकुन त्याला दिसत नाही, याचे नवल वाटते.

सगळ्यांचा कुत्रा, कोणाचाच नाही

आता गावातल्या कुत्र्याकडे वळू. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, आणि शेवटची भाकरी कुत्र्याची ही आपल्या आया-बायांची रीत आहे. ती दयाबुद्धी चांगलीच आहे. पण गल्लीतला कुत्रा सात घरी भाकरी खातो आणि आठव्या घरच्या पोराला चावतो, तेव्हा त्याचा मालक शोधून सापडत नाही. 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं' असा तो कारभार आहे. आणि ज्याने पट्टा बांधून पाळला आहे, तो तरी काय सांगतो? आपल्याकडचे ठरलेले उत्तर आहे: "काही करत नही तो." आजवर चावलेल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल कोणीतरी आदल्या दिवशी हेच सांगितलेले असते.

प्रश्न नुसत्या जखमेचा असता तर हळद लावून भागले असते. प्रश्न रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याचा आहे. या रोगाची लक्षणे एकदा माणसात दिसू लागली की जगातला कोणताही डॉक्टर सहसा वाचवू शकत नाही. भारतात दरवर्षी अठरा ते वीस हजार माणसे याने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीतून हा आकडा वर्षाला सुमारे पाच हजार सातशे इतका निघाला. आकडा खाली आला, ही समाधानाची बाब. पण त्याच पाहणीत जनावर चावल्याच्या दर चार घटनांपैकी तीन कुत्र्यांच्या निघाल्या. मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालच्या पोरांचा वाटा फार मोठा असतो. पोर कुत्र्याच्या उंचीचे असते, पळते, आणि पुष्कळदा घरी सांगतही नाही. चावा घेतल्याचे आईला कळते तेव्हा कधी कधी महिना उलटलेला असतो.

लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली आणि तो मुलगा वाचला. म्हणजे या रोगावरचा उपाय माणसाच्या हाती येऊन शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी आपण अजून चाव्यावर चटणी आणि चुना लावतो. वाचकहो, हे कृपा करून थांबवा. कुत्रा चावला, मांजराने ओरबाडले, तरी पहिले काम एकच. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवायची. मग लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. लस तिथे फुकट मिळते. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेच्या जागी टोचायचे आणखी एक औषध लागते, ते डॉक्टरला विचारून घ्यावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती म्हाताऱ्या माणसांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस देशात २००४ नंतर बंद झाली. आता इंजेक्शने दंडात देतात आणि ती थोडी असतात, मात्र दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवायची नाही. दोन घेतली, बरे वाटले, तिसरे सोडले, असे चालत नाही.

गोठ्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण याची माहिती फार थोड्यांना असते. पिसाळलेला कुत्रा गाय-म्हशीलाही चावतो. मग ती चारा सोडते, लाळ गाळते, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे करते, वेगळ्याच आवाजात हंबरते. आपण काय करतो? 'बोंड अडकलं असेल' म्हणून बाह्या सारून तिच्या तोंडात हात घालतो. त्या लाळेतच रोग असतो. अशा जनावराच्या तोंडात हात घालण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. हात घालून झाला असेल तर लपवू नका, दवाखान्यात जाऊन सांगा.

मळ्यातली गोष्ट वेगळी

इतके वाचून कोणी म्हणेल, तुम्ही कुत्र्याचे वैरीच दिसता. तसे मुळीच नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली ब्राँझच्या पुरातन मूर्ती सापडल्या. त्यात बैलजोडी जुंपलेला एक रथ आहे, आणि त्याच्या दांड्यावर कुत्रा उभा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही बैल, माणूस आणि कुत्रा ही तिकडी सोडवत नव्हती. आजही धुळे जिल्ह्यातले ठेलारी बांधव मेंढरे घेऊन निघतात तेव्हा कुत्रा बरोबर असतोच. त्याच्यावाचून रात्री वाड्याची राखण होणे नाही. काम आहे तिथे कुत्र्याला तोड नाही.

मळ्यात असे काम आहे. सालदाराचे कुटुंब एकटे वस्तीवर राहते. हाकेच्या अंतरावर दुसरे घर नाही. विहिरीवरची मोटार, स्टार्टर, केबल यांवर चोरांचा डोळा. रानडुकरे मक्यात घुसतात. वीज रात्रीची, म्हणून पाणी भरायला माणूस अंधारात बाहेर. अशा ठिकाणी कुत्र्याचे एक भुंकणे सुद्धा मोलाचे असते.

पण मळ्यातल्या कुत्र्याबाबत आपल्या तालुक्याला एक गोष्ट विसरता येणार नाही. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात गिरणा काठच्या गावांनी बिबट्याची दहशत सोसली. त्यात माणसे गेली. शेवटी डिसेंबरात वरखेडे शिवारात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत संध्याकाळी पाच वाजता दारे लागत होती, कपाशी वेचायला बाया जायला तयार नव्हत्या. बिबट्या म्हटले की आपण जंगलाकडे, गौताळ्याकडे बोट दाखवतो. तो उसात मुक्काम का करतो, याचा विचार कमी करतो.

याचा चांगला अभ्यास अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. शेतीच्या भागातले बिबटे काय खातात, हे त्यांनी विष्ठा तपासून पाहिले. बिबट्याच्या एकूण खाद्याच्या वजनात पाळीव आणि गावातल्या जनावरांचा वाटा सत्त्याऐंशी टक्के निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा एकोणचाळीस टक्के, मांजरांचा पंधरा टक्के. शेळ्या संख्येने कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा अकरा टक्केच, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा असतो. यातून घ्यायचा तो धडा सरळ आहे. गावाच्या उकिरड्यावर जगणारी मोकाट कुत्री म्हणजे बिबट्याला वेशीपर्यंत दिलेले निमंत्रण आहे.

मळ्यातला कुत्रा आखूड साखळीने उघड्या अंगणात बांधून आपण आत झोपतो, तेव्हा तो राखण करत नाही, आमिष बनतो. त्याला पळताही येत नाही. रात्री त्याला जाळीच्या खोपटात किंवा बंदिस्त गोठ्यात ठेवावे. तिथूनही त्याला वास येतो, ऐकू येते, तो भुंकतो आणि आपण जागे होतो. मांजरही रात्री घरातच घ्यावे, उंदीर घरातच आहेत. अंगणात दिवा असावा आणि अंधार पडल्यावर लेकरू एकटे बाहेर बसवू नये.

पाळायचे तर पूर्ण पाळा

जनावर कोणतेही निवडा, काही गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू आहेत. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि मग दरवर्षी एकदा. मांजराला सुद्धा, कारण पिसाळलेला कुत्रा मांजराला चावला तर तेच विष मांजराच्या दातात येते. घटसर्प-फऱ्याच्या लसीला आपण बैल घेऊन जातो, त्याच फेरीत कुत्रा नेला तर काय बिघडले?

दुसरी गोष्ट विणीची. कुत्री आणि मांजर दोघीही साधारण दोन महिन्यांत वितात आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विऊ शकतात. पिल्ले झाली की आपल्याकडे एक ठरलेला उद्योग होतो. गोणीत भरून, मोटारसायकलवर टाकून, पुलापलीकडे दुसऱ्याच्या शिवारात सोडून यायचे. त्यात पाट्या (माद्या) जास्त, कारण नराला मागणी असते, मादी कोणालाच नको. त्याच माद्या वर्षभरात वितात आणि ती कुत्री फिरून आपल्याच वेशीवर येतात. जनावर असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्पष्ट म्हटले आहे की पाळीव जनावराचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. मोकाट कुत्र्यांची जबाबदारी त्याच नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. म्हणजे ग्रामपंचायतीला 'आमच्याकडे हा विषय येत नाही' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

गावात गटार, रस्ता, सभामंडप यांसाठी ग्रामसभेत आवाज चढतात. एकदा कुत्र्यांसाठीही आवाज चढू द्या. पशुवैद्यकीय दवाखान्याला ग्रामपंचायतीचे पत्र द्यायचे, एक दिवस ठरवायचा, दवंडी किंवा मोबाईलवरून निरोप फिरवायचा आणि ज्याच्या दारात कुत्रा-मांजर आहे त्याने ते शाळेच्या आवारात आणायचे. बिनमालकाची कुत्री धरायला तरुण मंडळी लागतील. गणपतीची वर्गणी गोळा करणारी मंडळे हे काम करू शकतात. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांच्या स्मृतीचा, जागतिक रेबीज दिन. तो गाठला तर उत्तम, नाही गाठला तरी कोणताही बाजारवार चालेल.

पोराला कुत्र्याचे पिल्लू आवडते, आजीला मांजर आवडते. आवड असावी, ती नसती तर घर सुने वाटले असते. मात्र यापुढे घरात जनावर आणताना पोराला आणि आजीला तीन प्रश्न जरूर विचारा: याला काम काय देणार, याला टोचायला कोण नेणार, आणि याची पिल्ले कुठे जाणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल आणा. गावात असाल तर मांजर आणा, मळ्यात असाल तर कुत्रा. उत्तरे मिळाली नाहीत, तर भाकरीचा तुकडा टाकण्याआधी थोडे थांबा. त्या तुकड्याने कुत्रा आपल्या दारात राहतो, आणि चावतो मात्र शेजाऱ्याच्या पोराला.